सुई शून्यावर

दादानं मला दुरून एकमेकांशी बोलायचा बिनतारी रेडिओ शिकवला तेव्हा पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "यंत्र विजेला जेवढं अडवतं तेवढंच अँटेनानं अडवलं पाहिजे. कमी नको, जास्त नको. तेव्हाच पुरेपूर ताकद बाहेर पडते. नाही जुळलं तर उलटी परत येते." परत येणारी ताकद मीटरवरची एक सुई दाखवते. ती शून्यावर आणली, की काम फत्ते.

अडण्यात आम्ही दोघे भाऊ तोडीस तोड, तरी आमचं जुळलं नाही. आईच्या आजारपणात कुणी किती केलं यावरून फाटलं, ते तीन वर्षं. त्याला फोन करायचा नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. गाढवपणा, दुसरं काय!

मंगळवारी सकाळी सातला आमच्या जुन्या फ्रिक्वेन्सीवर रिसीव्हर खरखरला.

"धाकट्या, आहेस का रे? हॉस्पिटलातून बोलतोय, छोटा सेट बरोबर आणलाय. दहाला ऑपरेशन आहे माझं, छातीचं. आईच्या वेळी मी नको ते बोललो. चुकलं माझं. ये म्हणत नाही. नुसतं ऐकलं म्हण."

मी घाईघाईनं ट्रान्समीटर लावला. सुई शून्यावर, केसभरही हलली नाही. "ऐकलं दादा! माझंही चुकलं. मी येतो."

"धाकट्या, आहेस का?"

पुन्हा बोललो. तिसऱ्यांदा तर ओरडलोच. कोपराला टेबलावरचा डबा कोमट लागला, पण तिकडे कोण बघतो!

"ऐकतोयस का रे?"

माझं डोकं फिरलं. सुई शून्यावर आहे, म्हणजे शब्द न् शब्द पोचतोय. हा मुद्दाम मला पुन्हा पुन्हा नाक घासायला लावतोय. पहिल्यापासून असाच! मी खाडकन सगळी बटणं बंद केली.

दुपारी वहिनीचा फोन आला. दादा ऑपरेशनच्या टेबलावरच गेला.

"ऑपरेशनला आत नेताना म्हणाले, तो अजून रागात आहे. आल्यावर पुन्हा हाक मारतो," ती म्हणाली.

फोन कानाला धरूनच मी टेबलाकडे बघितलं. सोमवारी ट्रान्समीटर दुरुस्त करून मी तो त्या डब्यावर तपासला होता. डब्यात तेल आणि वीज अडवणारा एक रेझिस्टर, म्हणजे खोटी अँटेना. जुळते अगदी तंतोतंत, सगळी ताकद पिते, तापते आणि आकाशात काही सोडत नाही. अँटेनाचा खटका अजून डब्याकडेच होता. रिसीव्हरची तार तेवढी वेगळी, खिडकीबाहेरची. म्हणून दादा मला ऐकू आला.

"मी बोललो होतो, वहिनी," मी म्हणालो. "तीनदा बोललो."

"मग त्यांना कसं ऐकू आलं नाही?"

मी डब्यावर हात ठेवला. तेल गार झालं होतं.