रिव्हर्स न टाकता

"कॅमेरा तर कंपनीचाच आहे तुझ्या गाडीत. रिव्हर्स टाकलास की लागतो. मग आणि काय पाहिजे?" हात पुसत राजरत्नने विचारलं.

"रिव्हर्स न टाकता लागायला हवा. मला वाटेल तेव्हा."

"आरसे काय शोभेला आहेत?"

"आरशात कोणी दिसत नाही रे. तरी कोणीतरी आहे."

राजरत्न हसला नाही. परळच्या त्या गल्लीत त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. नम्रता आणि तो लालबागच्या एकाच चाळीत वाढलेले. ती उगाच घाबरणाऱ्यातली नव्हे, हे त्याला ठाऊक होतं. त्याने तिला आत बसवलं आणि तिने सगळं सांगितलं.

चाळ पाडून टॉवर बांधायचा होता. बिल्डरने जमा केलेली भाडेकरूंची संमतीपत्रं तपासताना नम्रताला कमळाबाईंची सही सापडली. कमळाबाई जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि सही गेल्या दिवाळीतली. मग तिने एकेक कागद पाहिला. अशा नऊ सह्या निघाल्या. गुरुवारी सरकारी कार्यालयात सुनावणी होती आणि ते नऊ कागद घेऊन ती उभी राहणार होती.

तेव्हापासून फोन येत होते. शिवी नाही, धमकी नाही. रविवारी आवाज म्हणाला, "आईला शिवाजी पार्कला फिरवून आणलंत, बरं केलंत. त्यांच्या गुडघ्यांना बरं." सोमवारी म्हणाला, "दादरला वकिलाकडे पाऊण तास लागला आज." नंबर दर वेळी वेगळा. पोलिसांनी अर्ज घेतला आणि ठेवून दिला.

राजरत्नने डॅशबोर्ड उघडला. "रिव्हर्स लाइटची वायर स्क्रीनला सांगते की चित्र दाखव. तिला मी एक बटण जोडतो. पण मध्ये डायोड टाकावा लागेल. करंट एकाच बाजूने जाईल. नाहीतर तू बटण दाबशील आणि मागचे पांढरे दिवे लागतील. जो कोणी असेल तो सावध होईल."

स्टिअरिंगच्या डाव्या हाताला त्याने ते छोटं काळं बटण बसवलं. तिने दाबून पाहिलं. स्क्रीनवर गल्ली उमटली. बंपरखालचा रस्ता आणि त्यावर पडलेली विडीसुद्धा दिसत होती.

"एकटी फिरू नकोस," तो म्हणाला. पैसे त्याने घेतले नाहीत.

मंगळवारी दिवसभर तिने बटण दाबून पाहिलं. टॅक्सी, टेम्पो, दुधाची गाडी. एकही गाडी दोनदा दिसली नाही. संध्याकाळी फोन आलाच. "परळला गाडीचं काय काम काढलंत?"

ती रात्रभर छताकडे बघत पडली.

बुधवारी दुपारी आईला डॉक्टरकडे न्यायचं होतं. आई खाली यायला वेळ लागणार, म्हणून चाळीच्या अंगणात, भिंतीकडे पाठ करून उभ्या केलेल्या गाडीत नम्रता सीट मागे पाडून आडवी झाली. डोकं ठणकत होतं. पंखा लागावा म्हणून चावी फिरवलेली होती, पण इंजिन अजून सुरू नव्हतं. डोळा लागणार तोच गाडीच्या बुडाखाली आवाज झाला. टक्. लोखंडाला लोहचुंबक चिकटावा तसा.

तिने मान उचलली. आरशात नुसती भिंत. तिने बटण दाबलं.

स्क्रीनवर आधी हात दिसला, बंपरखाली चाचपणारा. मग पांढरे केस. मग चेहरा, इतका जवळ की नाक फुगल्यासारखं दिसत होतं. वसंतकाका. शेजारच्या खोलीतले, चाळ कमिटीचे अध्यक्ष. तिचे वडील गेले तेव्हा तिरडीला पहिला खांदा यांनी दिला होता.

माणूस उकिडवा बसलेला. मागे भिंत. इंजिन चालू करून रिव्हर्स टाकायचा अवकाश. हा विचार आपल्याच डोक्यात आला हे तिला कळलं. तिने चावी काढून मुठीत धरली आणि दार उघडलं.

"काका, गाडीखाली काय चिकटवलंत?"

वसंतकाका धडपडून उठले. चुंबकावर चिकटवलेली काडेपेटीएवढी काळी डबी तिने स्वतःच ओढून काढली. गाडी कुठे आहे ते कळवणारा ट्रॅकर होता तो.

"दर तीन दिवसांनी बॅटरी उतरता गो तिची," ते पुटपुटले. "ते बिल्डरचे लोक म्हणाले, फक्त कुठे जाते तेवढं कळू दे. तुला हात लावणार नाहीत म्हणाले."

"आणि तुम्ही मानलंत?"

"मोठी खोली देतो म्हणाले. मग मी नाही म्हणालो, तर माझ्या पोराच्या, राजेशच्या ऑफिसचा पत्ता वाचून दाखवला त्यांनी." काकांनी तिचा हात धरला. "उद्या जाऊ नको, बाळ. गाडीने तर नकोच जाऊ."

"का? उद्या काय आहे?"

काकांनी वर, गॅलरीकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. हात सोडून ते जिन्याकडे गेले.

गुरुवारी सकाळी नम्रता टॅक्सीने गेली, राजरत्न बरोबर होता. नऊच्या नऊ कागद तिने अधिकाऱ्यापुढे ठेवले. कमळाबाईंचा मृत्यूचा दाखला त्याने दोनदा वाचला आणि पाडकामाला स्थगिती दिली. बाहेर आल्यावर राजरत्नने चहा मागवला.

त्या दिवशी फोन आला नाही. शुक्रवारीही नाही. तिला हायसं वाटायला हवं होतं. पण बुधवार दुपारपासून काका कुणाला दिसले नव्हते.

शनिवारी सकाळी दार वाजलं. वसंतकाकांच्या शेवंतीकाकू उभ्या होत्या. पदर नीट नव्हता, पायांत दोन वेगळ्या चपला.

"नम्रता, बुधवारी दुपारी वर आले आणि पेपर आणतो म्हणून लगेच गेले. राजेशला वाटतं गावाला गेले असतील. पण पैशाचं पाकीट घरीच आहे. चष्मा पण." त्यांनी चौकट धरली. "तू अंगणात त्यांच्याशी बोलत होतीस, असं आई म्हणाली तुझी. काय बोलले गो तुझ्याशी?"

खोटं बोलणं सोपं होतं. म्हातारीला निदान आजचा दिवस आशेवर काढता आला असता. नम्रताने त्यांना आत घेतलं, पाणी दिलं आणि पलंगावर शेजारी बसून डबीपासून सगळं सांगितलं. ऐकताना काकूंनी एकदाही मान वर केली नाही.

"चोर ठरवतील त्यांना," शेवटी काकू म्हणाल्या.

"ठरवू देत. आधी शोधू देत."

कपाटातली डबी तिने रुमालात गुंडाळली. काकूंनी पदर खोचला आणि दोघी पोलीस चौकीकडे निघाल्या.