हवालदार तूफानचा दुसरा भाग

रत्नाकर सरांनी ‘हवालदार तूफान’ बावीस वर्षांपूर्वी एकदाच पाहिला होता, आणि तेव्हापासून जबलपुरातल्या कुठल्याही नव्या गोष्टीला त्यांनी चांगलं म्हटलं नव्हतं. रस्ता झाला, तर जुना बरा होता. बायकोनं, म्हणजे विनताबाईंनी, पोहे केले, तर मागच्या रविवारचे जास्त मोकळे होते. मुलगा शिकवायला लागला, तर… हे वाक्य सर पुरं करत नसत, नुसता सुस्कारा सोडत.

हा मुलगा म्हणजे अपूर्व. विजय नगरातला सरांचा गणिताचा क्लास दोन वर्षांपासून तोच चालवत होता. सर रोज संध्याकाळी मागच्या बाकावर येऊन बसत आणि पोरं पांगली की म्हणत, “ठीक आहे. पण माझ्या वेळी पोरं श्वास रोखून बसायची.” पोरं पास होत होती, नवी येत होती, तरी हे रोज ऐकून अपूर्वच्या मनानं घेतलं होतं की आपल्याला शिकवता येत नाही. भोपाळची एक नोकरी चालून आली होती. सोमवारी होकार कळवायचा आणि क्लासला कुलूप लावायचं, असं त्यानं जवळजवळ ठरवलं होतं. बाबांनी एकदा, फक्त एकदाच, “बरं शिकवतोस” म्हणावं एवढ्यासाठी तो थांबला होता. तिशीला टेकलेल्या माणसानं अशी वाट पाहावी, याची त्याला लाजही वाटायची.

आणि अशात ‘हवालदार तूफान’चा दुसरा भाग आला. सरांचा निकाल पोस्टर लागलं तेव्हाच तयार होता. सिनेमा पाहणं ही नुसती औपचारिकता होती. रविवारी दुपारी ते आपले मित्र अच्युतकाका यांना घेऊन मॉलमध्ये गेले. तिकिटं अपूर्वनं फोनवरून काढून दिली होती. वाटेत दोघांनी खव्याची जिलेबी खाल्ली, त्यामुळे उशीर झाला आणि पडद्यावर सिनेमाचं नाव, पाट्या सगळं दाखवून झाल्यावर ते आत शिरले.

इकडे घरी अपूर्वनं सहज तिकिटाचा मेसेज उघडला आणि पुन्हा एकदा नीट वाचला. दुसऱ्या भागाच्या निमित्तानं थेटरवाल्यांनी पहिलाही पुन्हा लावला होता, दोन्ही पोस्टरं जुळ्या भावांसारखी, आणि त्यानं तिकिटं काढली होती ती पहिल्याची! त्यानं फोन लावला, पण थेटरात फोन बंद ठेवायची शिस्त सरांनी जन्मभर पाळलेली. एक तिकीट धड काढता येत नाही आणि हा त्रिकोणमिती शिकवतो, हे बाबांच्या आवाजातलं वाक्य त्याला आधीच ऐकू यायला लागलं.

सहाच्या सुमारास सर परतले, तेव्हा अपूर्व माफी मागायला दारातच उभा होता.

“बकवास!” सर चपला काढता काढता म्हणाले. “काय बनवून राहिले यार हे लोक!”

“बाबा, ते तिकीट—”

“तिकिटाचं सोड. पहिल्यात त्यानं ट्रक उचलला होता. उचलला होता न, अच्युत? इथं नुसता ढकलून राहिला!”

“हो न,” अच्युतकाका म्हणाले. ते मध्यंतरापर्यंत झोपले होते आणि नंतर पॉपकॉर्न खात होते.

“आणि हीरोला कॉम्प्युटरवर जवान करून ठेवलंय. साफ दिसते! चेहऱ्यावर ते तेजच नाही. सीन सारे पहिल्यातले चोरले, पण एक जमला नाही. आई मरते तेव्हा पहिल्यात मी ढसाढसा रडलो होतो. आज? झोप येत होती मले.”

अपूर्वला आधी हसू आलं, मग तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाच्या एका शब्दासाठी आपण दोन वर्षं झुरलो!

“बाबा,” त्यानं फोन पुढे केला, “तुम्ही पहिलाच पाहून आलात. चूक माझी. पण हा पहिलाच आहे.”

सरांनी चष्मा लावला, मेसेज दोनदा वाचला. विनताबाई ओट्याशी हात थांबवून बघत होत्या.

“तरीच!” सरांचा चेहरा उजळला. “तरीच म्हटलं, ट्रकच्या सीनमध्ये काय जान होती! म्हटलं होतं न मी, अच्युत?”

“हो न,” अच्युतकाका म्हणाले.

“आता दुसरा पाहायला जाऊ नका,” विनताबाई म्हणाल्या. “तो कसा आहे, हे तुम्ही सांगून चुकले.”

सर खळखळून हसले. अपूर्व हसला नाही.

“बाबा, मी भोपाळला नाही जाऊन राहिलो,” तो म्हणाला. “क्लास मीच चालवीन. आणि कसा चालवतो, ते तुम्हाले विचारणार नाही. उद्यापासून तुम्ही वर्गात बसू नका.”

अच्युतकाकांनी हळूच चपला शोधल्या. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. रागवायला त्यांनी तोंड उघडलं होतं, पण आवाज आला तो भलताच बारीक.

“मग संध्याकाळी मी कुठं बसू?”