अकरा सेंटिमीटर

"पुन्हा वाच बघू," तपासणीला आलेले साहेब म्हणाले.

मुलीनं वही नाकापाशी धरली आणि पुन्हा तेच वाचलं. "मंगळवार, चौदा सेंटिमीटर. बुधवार, पंधरा सेंटिमीटर. गुरुवार, अकरा सेंटिमीटर."

तिसरीचा वर्ग खो-खो हसला. साहेबही हसले. माणूस वाईट नव्हता, पण हसायचं निमित्त हातचं सोडणाऱ्यांतलाही नव्हता. "अरे वा! सगळ्यांची रोपं वर चाललीत आणि तुझं खाली! पुढच्या आठवड्यात परत बी होऊन बसेल की गं!" मग ते बाईंकडे वळले. "काय बाई, हा काय चमत्कार?"

चमत्कार काय होता ते बाईंना पुरतं ठाऊक होतं. अख्ख्या वर्गात एकट्या त्यांनाच ठाऊक होतं. तरी त्यांच्या तोंडून निघालं, "मोजायला चुकली असेल. जरा सावकाश आहे ती."

"पण बाई, मी तीनदा मोजलं," मुलगी म्हणाली.

"खाली बस. पट्टी नीट धरत जा."

मुलगी बसली. जाताना साहेबांनी शेरेबुकात 'उपक्रम स्तुत्य' असं लिहिलं, आणि बाईंनी त्याखाली मुकाट्यानं सही केली.

या सत्रात तिसरीला रोपाची वाढ होती आणि सेंटिमीटरही होते. बाईंनी दोन्ही एकाच दावणीला बांधली होती. प्रत्येकानं कागदी पेल्यात घेवड्याचं बी लावायचं, पेल्यावर आपलं नाव चिकटवायचं, रोज पहिल्या तासाला पट्टीनं मोजायचं, वहीत लिहायचं आणि बाईंची सही घ्यायची. अंदाजपंचे काही लिहायचं नाही. डोळ्यांना दिसेल तेच लिहायचं. एकतीस वर्षं बाई हेच बजावत आल्या होत्या. पाढा चुकला तर त्या रागवत नसत, पण शेजारच्याचं बघून लिहिलेलं त्यांना लांबूनच कळायचं. "मला फसवणारा अजून जन्माला यायचाय," असं त्या म्हणायच्या, आणि पोरांचा त्यावर विश्वास होता.

त्या मुलीला वर्गात गोगलगाय म्हणत. चालायला सावकाश, डबा खायला सावकाश, लिहायला तर विचारूच नका. पण मोजायला बसली की पट्टीचं शून्य मातीला टेकवायची, एक डोळा मिटायची आणि श्वास रोखून बघायची. वर्गातलं सगळ्यांत अचूक माप तिचं असायचं. हेही बाईंना ठाऊक होतं.

झालं होतं ते एवढंसंच. बुधवारी शाळा सुटल्यावर खिडक्या लावताना बाईंच्या पर्सचा पट्टा एका पेल्यात अडकला आणि पेला खाली आला. रोप मधोमध मोडलं. पेला नेमका गोगलगाईचा. आता पोर उद्या आकांत करणार! बाईंनी चार बिया राखीव लावल्या होत्या. चार दिवस मागाहून लावलेले ते पेले शिक्षकखोलीत कपाटावर होते. त्यातला एक आणला, नावाची चिठ्ठी सोलून त्याला डकवली आणि मोडकं रोप कचऱ्याच्या डब्यात टाकलं. दोन मिनिटांचं काम. पोरीच्या मायेपोटी केलं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. उद्या साहेबांसमोर रडारड नको होती, हेही तितकंच खरं. रोप चार सेंटिमीटरनं बुटकं झालंय हे तिसरीतल्या पोरीला कळेल, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. म्हणजे आपणच शिकवायचं आणि आपल्यालाच वाटायचं की पोरं शिकलेली नाहीत!

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो पाणीपुरवठा कार्यालयातून निवृत्त झाला होता आणि आता दिवसभर घरातले नळ दुरुस्त करत बसायचा, चालू असलेलेसुद्धा.

"अगं, बोटभर रोप ते! त्याचा केवढा बाऊ करतेस?"

"रोपाचं नाही हो. तिला मी चारचौघांत खोटं पाडलं."

"मुलं विसरतात गं. आपल्याला आठवतंय का तिसरीतलं काही?"

बाईंना आठवत होतं.

शुक्रवारी सांगू म्हणता म्हणता शुक्रवार गेला, शनिवारही गेला. मुलगी गप्प होती, पण ती तशी गप्पच असायची. विसरली असेल, असं मानून घेणं सोयीचं होतं. त्या दोन दिवसांत बाईंनी वह्यांवर घाईघाईनं फराटे मारले. आत काय लिहिलंय ते धड बघितलंही नाही.

सोमवारी वह्यांचा गठ्ठा पुढ्यात घेतला तेव्हा मात्र तिची वही हातात आली. गुरुवारचे अकरा खोडून तिथं सोळा केले होते. रबरानं कागद पार विरला होता. शुक्रवार, सतरा. शनिवार, अठरा. रविवार, एकोणीस. सोमवार, वीस. अक्षर सुरेख, आकडे एकाखाली एक.

बाई उठून खिडकीशी गेल्या. पट्टी मातीला टेकवून त्यांनी स्वतः मोजलं. तेरा.

मधल्या सुट्टीत त्यांनी तिला जवळ बोलावलं. "रविवारी आली होतीस का गं शाळेत?"

"नाही बाई."

"मग हे एकोणीस कुठून आणलेस?"

"सगळ्यांचं वाढतंय ना, म्हणून माझंपण वाढवलं."

"मोजलं नाहीस?"

"मला कुठं मोजता येतं?" तिच्या आवाजात राग नव्हता की रुसवा नव्हता. आपल्याला पोहता येत नाही, हे जितक्या साधेपणानं सांगावं तितक्याच साधेपणानं तिनं ते सांगितलं.

एकतीस वर्षांत बाईंनी पुष्कळ मुलांना पुष्कळ काही शिकवलं होतं, पण येत असलेलं काढून घेतलं ते हे पहिल्यांदाच. गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात ते पोरीला नव्हे, आपल्याला लागू आहे, असं त्यांना वाटलं आणि स्वतःची किळस आली. तिला एकटीला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. वर्गाला कळायची गरजही नव्हती. पण हसला होता तो अख्खा वर्ग.

घंटा झाल्यावर त्या टेबलापुढे उभ्या राहिल्या.

"मुलांनो, गुरुवारी तुम्ही हिला हसलात. हिचं माप बरोबर होतं. हिचं रोप माझ्या हातून मोडलं. मी त्या जागी दुसरं आणून ठेवलं आणि साहेबांना सांगितलं की हिचं चुकलं."

मग पहिल्या बाकावरच्या भोचक पोरीनं विचारलं, "म्हणजे बाई, तुम्ही खोटं बोललात?"

"हो."

"साहेबांशी?"

"साहेबांशी, तुमच्याशी, सगळ्यांशीच."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. कुणीही हसलं नाही. हसली असती तर बरं, असं बाईंना वाटलं.

गोगलगाय जागेवर उभी राहिली. आता ती काय म्हणेल याचा बाईंनी मधल्या सुट्टीभर विचार केला होता. पण ती म्हणाली भलतंच. "मग माझं कुठंय?"

"काय गं?"

"माझं रोप. माझं कुठंय?"

"मी टाकलं ते. कचऱ्याच्या डब्यात."

मुलीचा खालचा ओठ थरथरला. जे रडू टाळण्यासाठी बाईंनी हा सगळा खटाटोप केला होता, ते रडू आता सगळ्यांसमोर आलं. बाई जवळ गेल्या, पण तिच्या डोक्यावर हात ठेवायचा त्यांना धीर होईना. त्या नुसत्याच उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं मुलीनं बाहीला नाक पुसलं, टेबलावरून आपली वही आणली आणि गुरुवारपासूनचे सगळे आकडे खोडायला सुरुवात केली. खोडायलाही सावकाशच. सगळा वर्ग थांबून राहिला.

"गुरुवारी काय लिहू?" तिनं विचारलं.

"लिही, रोप मोडलं."

तिनं लिहिलं. मग वर बघितलं. "कुणी?"

"बाईंनी मोडलं आणि सांगितलं नाही. असं लिही."

एकेक अक्षर गिरवत तिनं ते लिहून काढलं. मग नेहमीसारखी वही घेऊन सहीसाठी टेबलापाशी आली. बाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं आणि त्या ओळीखाली, रोजचा फराटा न मारता, आपलं पूर्ण नाव लिहिलं. मुलीनं शाईवर फुंकर मारली, ती वाळली का ते बोटानं बघितलं आणि जागेवर गेली.