फ्लोराच्या मैदानात सोडलेला ससा

मित्रांनो, माझ्या डाव्या कानाची ही फाटकी कड तुम्हाला दिसली असेलच. मी एक म्हातारा ससा आहे. आता उड्या मारवत नाहीत, पानेही सावकाश चावावी लागतात. पण फुलांच्या देवीचा सण जवळ आला की माझे अंग अजून थरथरते. त्या दिवशी मला एकामागून एक जे धक्के बसले, त्यांतून मी सावरलोच नाही म्हणा ना!

माझा जन्म रोमच्या वेशीबाहेर, टायबर नदीकाठच्या घेवड्याच्या मळ्यात झाला. खुरपणी चालू असताना मी एकटाच सापडलो. मळ्याचा मालक सेर्तोर याची धाकटी लेक तेर्तुल्ला हिने मला उचलले आणि शेळीच्या दुधात लोकरीची वात बुडवून पाजले. ती न रंगवलेल्या लोकरीचा पांढरा झगा घालत असे. आम्हा सशांना माणसांचे चेहरे नीट ओळखता येत नाहीत. माझ्यापुरते सांगायचे तर पांढरे दिसले की तेर्तुल्ला, आणि तेर्तुल्ला आली की खाऊ. माझी चपळाई पाहून शेजारी म्हणत, "सेर्तोर, हा ससा आहे की वारा?" मी अगदी फुगून जाई.

एका वसंतात मात्र घेवड्याची फुले भराभर गळू लागली. सेर्तोर घाबरला. फुले राखणारी देवी फ्लोरा. तिच्या देवळात जाऊन तो बोलून आला, "एवढी फुलं टिकव, पुढच्या सणाला माझ्या घरचा ससा तुझ्या मैदानात सोडीन." उरलेली फुले टिकली, शेंगा लागल्या. मला यातले काहीच ठाऊक नव्हते. मी त्याच वेलांची पाने मजेत खात होतो.

वर्षाने सण आला. सेर्तोरने टोपली आणली तेव्हा घरात केवढे भांडण झाले!

"माझ्या सशावर कसला शब्द देता, बाबा? स्वतःचं नाक द्यायचं होतंत!" तेर्तुल्ला म्हणाली.

"जीभ आवर, पोरी. फुलं गळली असती तर आपण काय दगड शिजवले असते?"

"मैदानात माणसं जाळी घेऊन उभी असतात. सापडला की चुलीवर!"

"चपळ आहे तो. निसटेल."

"कुठून निसटेल? चहूकडे माणसंच माणसं!"

सेर्तोरने मला उचलून टोपलीत घातले. मित्रांनो, रोज कोवळी पाने खुडून देणारा तो हात! मला तो हात कळेचना.

टोपली उघडली ती भल्यामोठ्या मैदानात. बापरे, केवढा तो गोंगाट! आजूबाजूला बिथरलेल्या शेळ्या, सैरावैरा धावणारे ससे आणि त्यांच्या मागे जाळीवाले. लोक गुलाबाच्या माळा घालून हसत होते आणि मुठी भरभरून घेवड्याचे दाणे उधळत होते. आम्ही जिवाच्या आकांताने पळत होतो आणि त्यांना गंमत वाटत होती! मी पांढरा रंग शोधू लागलो. पण फ्लोराच्या सणाला पांढरे चालत नाही. ते आधीच्या, धान्यदेवीच्या सणाला नेसायचे. इथे सगळे लाल, पिवळे, हिरवे, जांभळे. एवढ्या हजारो माणसांत माझे एकही माणूस नव्हते. मी मैदानाच्या मधोमध थिजून बसलो.

"अरे, हा झोपला की काय!" कोणीतरी ओरडले.

तेवढ्यात जाळे पडले. मी कसाबसा निसटलो, पण कान फाटला. आणि तेव्हाच अगदी पुढच्या रांगेत मला पांढरे दिसले.

तेर्तुल्ला! तिने अंगावरची हिरवी शाल भिरकावून दिली होती आणि पांढऱ्या झग्यात ती कठड्यावर ओणवी झाली होती.

"अगं ए! सणाला पांढरं? देवीचा कोप आणतेस का आमच्यावर?"

"कुणाची गं ही? घरात रंगीत चिंधीही मिळाली नाही का?"

उधळायचे दाणे लोक आता तिच्यावर नेम धरून मारू लागले. तिच्या गालावर लाल वळ उठले. ती जागची हलली नाही. मी धावलो आणि थेट तिच्या हातांत उडी घेतली.

"ससा मैदानाचा आहे. टाक परत," मागून आलेला जाळीवाला गुरगुरला.

इतक्यात गर्दी ढकलत सेर्तोर आला. माझे तर धाबेच दणाणले. ज्याने मला आणून सोडले, तोच आता परत टाकणार! पण त्याने अंगावरचे पिवळे पांघरूण काढले आणि आम्हा दोघांवर घातले. खाली त्याचा साधा अंगरखा होता. पांढरा! मी पाहतच राहिलो. आता दाणे त्याच्या पाठीवर ताडताड बसू लागले.

"ससा सोडायचा शब्द दिला होता, सोडला," तो म्हणाला. "पकडून द्यायचा नव्हता दिला."

"आणि देवी कोपली तर?"

"तर माझ्या शेंगांवर कोपेल. तुझ्या का पोटात दुखतंय?"

जाळीवाला पुटपुटत दुसऱ्या सशामागे गेला.

बोलायला सेर्तोर बोलला, पण मनातून फार भ्यायला होता. घरी तेर्तुल्लाने झगा झटकला तेव्हा घड्यांतून दाणे सांडले. सेर्तोरने ते मळ्याच्या कोपऱ्यात पेरले. पुढच्या वसंतात तो पहाटेच जाऊन एकेक फूल निरखत असे. फुले टिकली. देवीने क्षमा केली, की तिला ससा कधी हवाच नव्हता, हे मला आजही ठाऊक नाही.

मित्रांनो, तुम्ही सण जरूर करा. पण ज्याला आपल्या हाताने भरवले, त्याला कोणाच्याही नावाने देऊन टाकू नका. आम्ही त्या हातावर विसंबून असतो हो!

तेर्तुल्ला आता सासरी असते. सणाच्या दिवशी सेर्तोर अजूनही ते पिवळे पांघरूण घेऊन देवळात जातो. परत आला की दाराबाहेरच ते काढून ठेवतो आणि पांढऱ्या अंगरख्यात माझ्यासमोर पाने घेऊन बसतो. मी घाबरू नये म्हणून.