न सुटलेल्या दोन गाठी

मी पिशवी आहे. खाकी, जाड कापडाची, एका बाजूला खिसा असलेली. आजवर माझ्यात जे घातलं ते मी मुकाट वाहिलं. पण आज मी बोलणार आहे, आणि रागाने बोलणार आहे. कुणाला टोचलं तर टोचू द्या.

माझा जन्म मोहने गावातला, शांताबाईंच्या हातचा. त्यांचे मालक जगन कारखान्यात होते. त्यांची खाकी पँट म्हणजे मी. जगन रोज कामावरून आले की दारात बसून पेपर वाचायचे, मोठ्याने. शांताबाई शाळेत कधी गेल्या नाहीत. त्या भाकऱ्या थापत ऐकायच्या, आणि ऐकलेलं विसरायच्या नाहीत. कुठल्या गावात कोण निवडून आलं, कुठला पूल पडला, सगळं तारखेनिशी. जगन गेले आणि वाचून दाखवणारं माणूसच गेलं. चार वर्षं ती पँट ट्रंकेत पडून होती. मग एक दिवस नात म्हणाली, "आजी, आमच्या पुस्तकांना एक पिशवी शिवून दे ना." शांताबाईंनी पँट काढली, पाय कापले, खिसा तसाच ठेवला.

ही नात प्रियांका. तिचा कॉलेजातला चौघांचा कट्टा, आता सगळे नोकरीला लागलेले. डोंबिवलीचा स्वानंद, तिथलीच निशिगंधा, ठाण्याला खोपटच्या डेपोमागे राहणारी बियांका आणि प्रियांका. त्यांनी वाचनाचा गट काढला. महिन्याला एक पुस्तक, आणि प्रत एकच. ती माझ्यात घालून घरोघर जायची, प्रत्येकाकडे एक आठवडा. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळे जमायचे.

माझ्या तोंडाला शांताबाईंनी लांब बंद लावलेत. त्यावरून या पोरांनी एक रीत पाडली. पुस्तक पुरं वाचून झालं की बंदाला एक गाठ मारायची. मग बैठकीत प्रत्येकाने आपापली गाठ सोडायची, आणि सोडताना पुस्तकातली मनाला लागलेली एक गोष्ट सांगायची. दुसऱ्याची गाठ दुसऱ्याने सोडायची नाही. रीत चांगली होती हो. मला आवडायची. पहिले सहा-सात महिने गाठी खऱ्या होत्या.

मला अक्षर कळत नाही. पण पुस्तक माझ्यातून बाहेर निघालं की नाही, ते मला कळणार नाही तर कुणाला कळणार?

मग आलेल्या एका महिन्याचं सांगते. पुस्तक होतं खाडीत होडी चालवणाऱ्या एका बाईचं. पहिली पाळी स्वानंदची. सहा दिवस मी त्याच्या स्कूटरच्या डिकीत होते, रेनकोट आणि पाना यांच्या मधोमध. सातव्या दिवशी त्याने पुस्तक काढलं, कॉफीच्या मगाशेजारी ठेवलं, फोटो काढला, मागच्या कव्हरावरचं चार ओळींचं वाचलं, आणि गाठ मारली. वर फोनवर बोलला, "दोनदा वाचलं यार. हलवून टाकलं."

मी तेव्हाच फाटायला हवं होतं.

निशिगंधाकडे मी फ्रिजवर. तिने तीन प्रकरणं वाचली, खोटं का बोला. मग कुणीतरी मोबाईलवर त्या पुस्तकाविषयी बोलत होतं ते ऐकलं आणि म्हणाली, "झालं की, कळलं." गाठ नंबर दोन. बियांकाने मात्र वाचलं. डेपोच्या बाकावर, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, वडिलांना, म्हणजे लिओनार्डना, डॉक्टरकडे नेलं तेव्हा तिथेही. पण शेवटाकडे येऊन ती अचानक थांबली. एका पानावर बोट फिरवत बराच वेळ बसली. पुस्तक मिटलं आणि तिनेही गाठ मारली. का, ते मला त्या वेळी समजलं नाही.

चौथ्या आठवड्यात मी मोहन्याला आले. प्रियांका संध्याकाळी घरी आली की पाय धुऊन बसायची आणि आजीला वाचून दाखवायची. शांताबाई भाजी निवडत ऐकायच्या. मध्येच म्हणायच्या, "थांब. ती मघा म्हणाली नवरा रत्नागिरीला गेला, आता म्हणते देवगडला. खोटं बोलतेय ती. पुढं बघ." आणि पुढे खरंच ते खोटं निघायचं.

पाचव्या दिवशी प्रियांका पाणी प्यायला उठली. पुस्तक शांताबाईंच्या हातात. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला.

"अगं, ही पानं चिकटलीत का?"

"चिकटली नाहीत. छापखान्यात कापायचीच राहिलीत." प्रियांकाने मोजली. सोळा पानं, कडेला जोडलेली, आतलं काही दिसेना.

शांताबाईंनी सुरी पदराला पुसली आणि एकेक घडी हलक्या हाताने कापली. कापता कापता थांबल्या.

"प्रियांका, ह्या तिघांच्या गाठी आहेत ना पिशवीला?"

"हो."

"मग त्यांनी बंद पानं वाचली कशी?"

प्रियांका म्हणाली, "आजी, प्लीज कुणाला बोलू नको हां. वाईट वाटेल त्यांना. दोस्ती आहे."

"मी कशाला बोलू? पण पुस्तक पुरं झालं की माझी पण एक गाठ मारू दे. सगळं ऐकलंय मी. विचार त्यांना."

एवढंच मागितलं हो त्या बाईने. एक गाठ. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या पुस्तकावर आपली खूण करावी असं तिला वाटलं.

प्रियांकाने ग्रुपवर विचारलं. स्वानंदचं उत्तर आलं, आवाजातच. "अरे, आजींबद्दल रिस्पेक्ट आहेच. पण हा वाचकांचा गट आहे, श्रोत्यांचा नाही ना. रूल सगळ्यांना सेम. स्वतः वाचेल त्याचीच गाठ." निशिगंधाने अंगठा पाठवला. बियांका काही बोलली नाही. शांताबाईंनी ते ऐकलं आणि निवडलेली मेथी परत निवडायला घेतली.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझं कापड कुणाच्या पँटचं आहे, माहीत आहे? रोज आठ तास उभं राहून आल्यावरही बायकोला पेपर वाचून दाखवणाऱ्या माणसाच्या. त्याने तिला कधी म्हटलं नाही, की तू नुसती ऐकणारी.

रविवार आला. बैठक मोहन्यालाच होती. शांताबाईंनी वाटाण्याची उसळ केली, पाव आणले, चटई अंथरली. सगळं वाढून त्या स्वयंपाकघराच्या दारात बसल्या, कडेला, हात मांडीवर ठेवून. मधोमध मी.

स्वानंदने डोळे मिटले. माझ्या बंदाला हात घातला आणि सुरू झाला. "मला काय भिडलं, तर शेवट. ती बाई स्वतःला खाडीला अर्पण करते. ते मरण म्हणजे एक मुक्ती आहे."

"खरंय," निशिगंधा म्हणाली. "मी तर रडले."

दारातून आवाज आला, "मेली नाही ती."

स्वानंदने एक डोळा उघडला. "आजी, ते प्रतीकात्मक असतं. तुम्ही शब्दशः घेताय."

"असेल बाबा. पण ती जाळ्याचा खांब धरून भरती ओसरेपर्यंत पाण्यात उभी राहते. मग चिखलातून चालत वर येते आणि पहिल्या घरात भाकरी मागते. भाकरी कालची चालेल, वर कालवण आजचं घाला, असं सांगून मागते. प्रतीकाला भूक लागते होय रे?"

बियांका फस्सकन हसली. उसळीचा वाटाणा तिच्या नाकात गेला. प्रियांकाही हसली. मग बियांकाचं हसू एकदम थांबलं.

"मीपण नाय वाचलं ते," ती म्हणाली. "तिथली पानं जोडलेली होती. मी बघितलेलं. मनात म्हटलं, म्हणजे ह्या दोघांनी पण वाचलं नाय, तरी गाठी आहेत. मग मी एकटी का म्हणून सांगू? मारली गाठ." ती शांताबाईंकडे वळली. "आणि आजी, तुमच्या गाठीचा मेसेज आला तेव्हा पण मी चूप बसले. सॉरी."

प्रियांकाने माझ्यातून पुस्तक काढलं आणि सुरीने कापलेल्या खरखरीत कडा सगळ्यांसमोर धरल्या.

स्वानंदचे कान लाल झाले. "ओके. म्हणजे आता आमची तपासणी होणार? मजेसाठी सुरू केलेलं ना आपण? इथे बोलावून असा अपमान?" तो उठला. माझा बंद तसाच सोडला, गाठ अर्धवट ढिली करून. निशिगंधा चपला शोधू लागली. "मी पण निघते गं. हा मला सोडेल." तिची गाठ तर तिने शिवलीही नाही. शांताबाई म्हणाल्या, "अरे, उसळ तरी संपवा." पण जिन्यावर पावलं वाजली होती.

दोघं गेली. एवढ्या वाचणाऱ्यांना जाताना "आजी, येतो" एवढंही म्हणता आलं नाही.

मग बियांकाने आपली गाठ सोडली. "माझी खोटी होती," म्हणाली. प्रियांकाने स्वतःची सोडली, आजी कालवणाच्या पानावर कशी रडली ते सांगितलं. आणि बियांकाने माझा बंद शांताबाईंच्या हातात दिला. "आता तुमची."

शांताबाईंनी मारलेली गाठ मला अजून आठवते. मोळी बांधतात तशी घट्ट, दोन वेढ्यांची. मग त्या सोडायला बसल्या. नियम म्हणजे नियम, सोडताना सांगायचं. त्यांनी ती सोळा पानं सांगितली. पाण्यातला गारठा, खांबावरचे शिंपले, हातांना पडलेल्या चिरा, एकही गोष्ट गाळली नाही. चहा गार झाला, बियांकाची खोपटला जायची गाडी निघून गेली. ती हनुवटीला हात लावून ऐकत राहिली. सांगून झालं तेव्हा गाठही सुटली होती.

आता मी मोहन्याच्या खुंटीवर असते. बियांका महिन्यातून एकदा येते, एका महिन्यात ती वाचते, एका महिन्यात प्रियांका. ऐकणाऱ्या एकच. तिकडे स्वानंदने दुसरा गट काढलाय म्हणे, मोबाईलवरचा. तिथे गाठ नाही, पिशवी नाही, सगळे एकमेकांना छान छान म्हणतात.

पण माझ्या बंदावर दोन गाठी अजून आहेत. एक अर्धी, एक अख्खी. परवा प्रियांका म्हणाली, "आजी, सोडून टाकू का? नवं पुस्तक घातलं की बंद नीट बांधता येत नाही." शांताबाई म्हणाल्या, "हात लावू नको. ज्याची त्याला सोडू दे."

म्हणून सांगते, स्वानंद, आणि निशिगंधा तूसुद्धा. मला तुमचा राग आहे, तो असा तसा जायचा नाही. पण खुंटी उंच नाही आणि दार बंद नाही. या. त्या चटईवर बसा, ते पान काढा, ती बाई चिखलातून वर येते तिथपासून वाचा. मनात नाही, मोठ्याने. दारात बसलेल्या बाईला ऐकू गेलं पाहिजे.