अम्माने जुळवलेलं मशीन

आमची अम्मा घड्याळाच्या कारखान्यात घड्याळाच्या आतली मशिनं जुळवायची. अण्णांच्या मनगटी घड्याळाचं मशीनही तिनेच जुळवलेलं. पुढे ती गेली. रोज सकाळी सातला अण्णा त्या घड्याळाला चावी द्यायचे, आणि तेवढा वेळ घरात कुणी तोंड उघडलेलं त्यांना खपत नसे.

ती जाऊन नऊ वर्षं झाली आणि चौऱ्याण्णव साली ते बंद पडलं. चिकपेटेच्या बाजारात त्रिविक्रममामांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. त्यांनी डोळ्याला भिंग लावून पाहिलं.

"एका चाकाचे दाते झिजलेत, नरसिंहराव. सुटं चाक आता येत नाही. अख्खं मशीन बदलू."

"तिचं मशीन काढायचं नाही," अण्णा म्हणाले.

तोडगा मी काढला. दीडशहाणी ना मी! तसंच दुसरं मशीन विकत घ्यायचं, त्याचं चाक अम्माच्या मशीनला लावायचं, बाकीचं पुढच्या दुरुस्तीला ठेवायचं. चार रविवार जुन्या बाजारात पायपीट केली तेव्हा मिळालं. कारखाना तोच, सालही तेच. इतकं हुबेहूब मिळालं म्हणून मी अण्णांना हॉटेलात नेऊन मसाला डोसा खाऊ घातला.

आठवड्याने घड्याळ आणायला गेलो. ते टिकटिकत होतं, पण मामा मान वर करेनात.

"दोन्ही मशिनं उघडली आणि सवयीने एकाच वाटीत पेट्रोलमध्ये धुवायला टाकली," ते म्हणाले. "आता कुठला भाग कुठल्या मशीनचा, सांगता येत नाही. चुकलं माझं."

मी भांडायला तोंड उघडलं. पण भांडून काय होणार होतं? हुबेहूब मशीन मीच शोधून आणलं होतं.

अण्णांनी घड्याळ कानाशी धरलं. मग त्यांनी विचारलं, "तिचं म्हणून नक्की असं काहीच नाही?"

मामांनी चिमट्याने ते झिजलेलं चाक उचलून त्यांच्या तळहातावर ठेवलं. "हे तेवढं नक्की तिचं."

"मग हे परत आत घाल."

"घातलं तर घड्याळ चालणार नाही, नरसिंहराव."

"सरी, असू दे," अण्णा म्हणाले. "घाल."

मला रडू फुटलं. अडवायचं तरी कुणाला आणि कसं, ते कळेना. मामांनी चाक बदललं, टिकटिक थांबली.

अजूनही सकाळी अण्णा ते घड्याळ मनगटावर बांधतात. मग मला हाक मारतात, "सुप्रीता, किती वाजले?"

मी सांगते.