पंपवाल्याचं नाक

"हुंगा," म्हणत सिस्टरने बरणी पंपवाल्याच्या नाकाखाली धरली.

बरणीत पाणी होतं आणि पाण्यात त्याचीच थोटकं. फुगलेली, कागद सुटलेली, तपकिरी रस सोडून बसलेली. आरोग्य केंद्राच्या या सिगारेट सोडणाऱ्यांच्या गटात यायचं तर आपली थोटकं अशी भिजवून आणायची, हा इथला नियम होता. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाने तोंड फिरवलं. पंपवाल्याने मात्र चहा हुंगावा तसं निवांत हुंगून सांगितलं, "काही येत नाही." त्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इथे कशालाही टाळ्या वाजवत. पंपवाल्याला बरणीपेक्षा या टाळ्यांचीच किळस आली.

वास न येणं ही त्याच्या धंद्याची गरज होती. मोठ्या इमारतींच्या तळघरात मैल्याचा खड्डा असतो आणि तो उपसणारा पंप त्याच खड्ड्यात बुडालेला असतो. पंप अडला की वरच्या मजल्यांवरची स्वच्छ माणसं नाकाला रुमाल लावून याला फोन करत. झाकण उघडायचं, लांब जाऊन हवा खेळू द्यायची, तेवढ्यात एक सिगारेट ओढायची आणि मग उतरायचं, ही या कामातली रीत. ती त्याला उस्तादाने शिकवली होती आणि उस्तादाला त्याच्या उस्तादाने. सिगारेटने नाक मरतं, आणि नाक मेलेला माणूस कशातही हात घालू शकतो. इतकी वर्षं हा कोपरापर्यंत घाणीत हात घालून जेवणाच्या गप्पा मारत आला होता.

मग बायकोचा श्वास अडकला. तिने स्वतः जन्मात एक झुरका घेतलेला नव्हता. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं, की धुराच्या घरात हिला परत न्यायचं नाही. पुन्हा असा झटका आला तर ती वाचेलच असं नाही. मुलगी आईला आपल्या घरी घेऊन गेली. जाताना बापाला म्हणाली, "पुढच्या रविवारी आणून सोडते. पण तुम्ही सोडली असेल तरच." बायको मुकाट गाडीत बसली आणि समोर बघत राहिली. तिला परत यायचं आहे की नाही हेच त्या चेहऱ्यावरून कळेना, आणि त्याच धास्तीने पंपवाला गटात आला.

गटात प्रत्येकाला एक जोडीदार मिळे. तलफ आली की घरच्यांना छळायचं नाही, जोडीदाराला फोन करायचा. जोडीदाराने उपदेश करायचा नाही, नुसतं तलफ जाईपर्यंत फोनवर थांबायचं. पंपवाल्याच्या वाट्याला आली शहर बसची कंडक्टरबाई. डेपोच्या मागे उभं राहून चोरून ओढणारी, पत्र्यावर खडे पडावेत अशा आवाजाची. तिने त्याचं नाव विचारलंच नाही. पहिल्या फोनपासून तो तिच्यासाठी नुसता 'पंप' झाला.

पहिले दिवस ओंगळ गेले. अंगाला चिकट घाम, तोंडात फोड, जिभेवर गंज चढल्यासारखी चव. जगातली प्रत्येक गोष्ट त्याला नकोशी झाली. शेजारी हसला तरी याच्या डोक्यात तिडीक जायची. सकाळी बेसिनवर वाकून तो खोकायचा, तेव्हा आतून जे निघायचं ते खड्ड्यातल्या गाळापेक्षा फारसं वेगळं नसायचं. बाईचंही तेच चाललेलं. फोनवर बोलता बोलता ती खाकरायची, थुंकायची आणि म्हणायची, "बघ पंप, नुसतं डांबर." मला दिसत नाही बाई, असं याने सांगितलं तर म्हणे, नशीब तुझं. या बाईची त्याला शिसारी यायची आणि तरी दिवसभर तो तिच्याच फोनची वाट बघायचा.

नाक परत आलं ते एका इमारतीच्या तळघरात. सोबतच्या फिटरने झाकण सरकवलं, आणि इतकी वर्षं जे दाराबाहेर उभं होतं ते एकदम आत घुसलं. पंपवाला भिंतीला धरून ओकला. सकाळचा चहा, दुपारची पोळी, सगळं बाहेर. डोळे पुसून वर बघितलं तर पुन्हा तोच भपकारा, पुन्हा ओकारी. इतक्या वर्षांत आपण यात हात घालत होतो आणि तेच हात घरी जाऊन जेवत होते, या विचाराने तो तिसऱ्यांदा वाकला.

फिटरने त्याच्या ओठांत सिगारेट खोचली. "ओढ आणि उतर," तो म्हणाला. "आपल्या धंद्यात ही सोंगं परवडत नाहीत."

काडी पेटायचीच बाकी होती. पंपवाला सिगारेट तशीच तोंडात धरून मागच्या जिन्यात गेला आणि त्याने बाईला फोन लावला. बाई बसमध्ये होती. "आत्ता बोलता येणार नाही रे," ती दबक्या आवाजात म्हणाली, "पण ठेवू नकोस. नुसता ऐकत राहा." मग फोन बहुधा खिशात गेला, कारण तिचा आवाज कापडातून येऊ लागला. पुढे सरका, मागची जागा काय घरी न्यायची आहे का. तिकीट, तिकीट. आजी, बसून घ्या आधी. दारातले महाराज, आत या नाहीतर खाली उतरा. घंटी, ब्रेक, कोणाचं तरी रडणारं पोर. पंपवाला जिन्यात बसून ते सगळं ऐकत राहिला. शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली तेव्हा बाईने विचारलं, "गेली?"

"गेली," तो म्हणाला. तोंडातली सिगारेट थुंकीने भिजून लगदा झाली होती. त्याने ती खड्ड्यात फेकली, तोंडाला पंचा घट्ट बांधला आणि शिडीवरून उतरला. उतरल्यावरही एकदा ओकला, पण पंप चालू करूनच वर आला.

घरी येऊन दार उघडलं तर घाण वास समोर उभाच. त्याला वाटलं, खड्डाच अंगाला चिकटून आला. त्याने दोनदा साबण लावून आंघोळ केली, कामाचे कपडे बाहेर नेऊन टाकले. वास होता तिथेच होता. मग तो जनावरासारखा हुंगत घरभर फिरला. पडद्याला नाक लावलं, झटकन मागे घेतलं. गादी, कपाटातल्या साड्या, लाकडी पाट, सगळ्याला शिळ्या राखेचा, कुजट, आंबूस दर्प. बायकोच्या उशीत त्याने तोंड खुपसलं, तर तिथे ती नव्हतीच, तिथे तोच होता. खड्ड्यातल्या घाणीवर निदान झाकण तरी होतं. बायकोला मात्र त्याने उघड्या घाणीत झोपवलं होतं. त्याला स्वतःची इतकी घृणा आली की आपलीच कातडी काढून बाहेर वाळत घालावी असं वाटलं.

घाबरलेला माणूस करतो तेच त्याने केलं. फिनेल ओतलं, सुगंधी फवाऱ्याचा अख्खा डबा घरात मोकळा केला. रविवार दुसऱ्या दिवशी होता. आपल्या नव्या नाकावर त्याचा भरवसा नव्हता, म्हणून संध्याकाळी त्याने बाईला ड्यूटीवरून थेट घरी बोलावलं. ती आली, उंबऱ्यातच थबकली, पदर नाकाला लावून खोकत सुटली.

"हे फवाऱ्याचं आधी बंद कर," ती म्हणाली. "बायकोला श्वास घेता येत नाही आणि तू तिला यात आणणार?"

"आणि फवाऱ्याखालचा वास?"

बाईने पडदा ओढून हुंगला. मग म्हणाली, "आहे. भरपूर आहे. माझ्याही घरी असाच असणार रे." एवढं बोलून ती गेली. जिना उतरतानाही ती खोकत होती.

पंपवाल्याने सगळ्या खिडक्या उघडल्या आणि बायकोला फोन लावला. तिने पिशवी भरून ठेवली होती, ती आपणहून तसं म्हणाली. ती येणार की नाही याच्याचसाठी तर तो इतके दिवस जीव मुठीत धरून होता.

"उद्या येऊ नकोस," तो म्हणाला.

तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, "ओढलीत?"

"नाही. शपथ. मला वास यायला लागलाय. आपल्या घराचा. तुझ्या उशीचासुद्धा."

"तो पहिल्यापासून आहे," ती म्हणाली.

"मग कधी बोलली का नाहीस?"

"बोलले होते. पहिल्या वर्षी."

त्याने आठवून बघितलं. त्याला काही आठवलं नाही. भांडण झालं असतं तर निदान ते आठवलं असतं. आपण तेव्हा बहुतेक हसलो असणार, असं त्याला वाटलं, आणि ते जास्त लागलं.

"मोरीत वरच्या फळीवर सोडा आहे," बायको सांगत होती. मध्ये मध्ये श्वासाला थांबत होती. "गरम पाण्यात घाला आणि भिंती पुसून काढा. वरून सुरू करा. खालून केलं तर डाग ओघळतात."

"तुला काय माहीत?"

"दर वर्षी मीच करायचे की. तुम्ही कामावर गेलात की."

मग ती म्हणाली की भिंती वाळल्या की सांगा, आणि तिने फोन ठेवला.

पंपवाल्याने पाणी तापवलं, स्टूल पलंगाजवळ ओढलं आणि ओलं फडकं घेऊन वर चढला. पहिल्यांदाच तो त्या भिंतीकडे इतक्या जवळून बघत होता. छताखाली हातभर पट्टा करपलेल्या दुधासारखा तपकिरी होता. त्याच्या खाली भिंत जरा उजळ होती, आणि दोन्हींच्या मध्ये एक वाकडीतिकडी रेघ खोलीभर फिरली होती. स्टूलवर चढून, टाचा उंचावून, तिचा हात जिथवर पोचत होता तिथवर.